आधी सांगेल त्याचे नुकसान

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात लम्पी चर्मरोगाची नोंद झाली. त्या वर्षीच्या साथीतली ही महाराष्ट्रातली पहिली नोंद. राजस्थान आणि गुजरातेत तेव्हा गुरे दगावत होती. बिकानेरजवळ उघड्यावर टाकलेल्या जनावरांची छायाचित्रे त्याच पावसाळ्यात मोबाइलवर फिरली. चिनावल हे सातपुड्याच्या पायथ्याचे, केळीच्या पट्ट्यातले गाव. सावद्याची बाजारपेठ लागून, मध्य प्रदेशची हद्द जवळ, बऱ्हाणपूर तासा-सव्वातासाच्या वाटेवर. केळीचे ट्रक, चाऱ्याच्या गाड्या, बाजाराची गुरे या वाटेवर बारा महिने चालू असतात. रोगाला खानदेशात शिरायला याहून सोपी वाट नव्हती.

पुढच्या सहा आठवड्यांत लम्पी राज्यातल्या वीसहून अधिक जिल्ह्यांत पोहोचला. जळगाव आणि धुळे पहिल्या यादीत होते.

या साथीबद्दल नंतर जे बोलले गेले त्यात एक वाक्य सारखे येत राहिले: ‘लोकांमध्ये जागृती नव्हती.’ ते अर्धेच खरे आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याला गुरांची साथ नवी नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या ही नावे शाळेची पायरी न चढलेल्या सालदारालाही पाठ असतात. जनावराने वैरण सोडली, रवंथ थांबवला, नाक कोरडे पडले की घरातली बाई दूध काढतानाच ओळखते. रोग ओळखता येत नव्हता, ही अडचण पहिल्या आठवड्यापुरती होती. त्यानंतरची अडचण वेगळी होती. आपल्या गोठ्यात रोग आला हे गावाला आधी कोणी सांगायचे, आणि जो आधी सांगेल त्याचे पुढे काय होणार?

साथ रोखण्याचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा असतो. खानदेशाने गेल्या काही वर्षांत तो माणसांत पाहिला, गुरांत पाहिला आणि केळीच्या बागेतही पाहिला.

\*\*\*

लम्पी हा विषाणूचा आजार आहे. शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या देवीच्या विषाणूचा हा जवळचा नातेवाईक; १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात त्याची पहिली नोंद झाली. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. गाय आणि बैल हे त्याचे मुख्य लक्ष्य. म्हशींना तो कमी होतो. माणसाला होत नाही.

आधी दोन-तीन दिवस सडकून ताप येतो. डोळ्यांतून, नाकातून पाणी गळते. मग डोके, मान, पाय, कास यांवर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी उठतात. पायांवर सूज येते, जनावर लंगडते, चारा सोडते, दूध आटते. गाभण गाय गाभडण्याची भीती असते. शंभर जनावरांच्या कळपात साधारण दहा ते वीस आजारी पडतात आणि लागण झालेल्यांपैकी एक ते पाच टक्के दगावतात, असा या रोगाचा जगभरातला अनुभव आहे. म्हणजे वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक गुरे वाचतात. ही गोष्ट पुढच्या हिशेबात फार महत्त्वाची आहे.

हा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो. आजारी जनावराची लाळ, नाकातला स्राव, एकाच हौदातले पाणी, एकाच गव्हाणीतला चारा याही वाटा आहेत. वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभराहून अधिक टिकून राहतो. लागण झाल्यापासून गाठी दिसेपर्यंत एक ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त काळ जातो. या काळात जनावर वरून धडधाकट दिसते. त्याला बाजारात नेले, नातेवाइकाकडे पाठवले, दुसऱ्या गावच्या कोळपणीला जुंपले, तरी कोणाला शंका येत नाही.

म्हणून नियम सोपे आहेत. आजारी जनावर वेगळे बांधायचे. त्याचे चारा-पाणी करणाऱ्याने निरोगी गुरांचे काम आधी उरकून मग इकडे यायचे. गोठा कोरडा ठेवायचा, शेणाचा उकिरडा लांब न्यायचा, फवारणी करायची. गुरे गावाबाहेर न्यायची नाहीत, बाहेरची आणायची नाहीत. मेलेले जनावर आठ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. या सूचना ऑगस्ट-सप्टेंबरात दवंडीने, पत्रकांनी, व्हॉट्सॲपने गावोगाव गेल्या. ज्याने ऐकल्याच नाहीत असा पशुपालक शोधावा लागला असता.

ऐकलेले पाळणे मात्र खर्चाचे होते. एकाच छपराखाली चार गुरे बांधणाऱ्या माणसाने आजारी बैल वेगळा कुठे बांधायचा? खानदेशात गोठा बहुतेक वेळा घराला लागून, नाहीतर शेतातल्या एका छपरात असतो. शेजारच्याच्या बांधावर बांधावे तर शेजारी उभा राहू देत नाही. दुसरा माणूस लावावा तर सालदार एकच, आणि तोच सगळ्या गुरांचे पाहतो. आठ फूट खड्डा हाताने खणणे म्हणजे दोन माणसांची दिवसभराची मजुरी. पावसात तेही जमत नाही. जेसीबी सांगावा तर त्याचे भाडे. नाल्याच्या कडेला जनावर टाकून येण्याची जुनी सवय अडाणीपणाची म्हणून हिणवली जाते. तिच्यामागे हा खर्च आहे आणि वर्षानुवर्षे दुसरी सोय नसणे आहे.

\*\*\*

ऑगस्ट हा कपाशीच्या कोळपणीचा महिना. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याचे सगळे बैलजोडीवर असते. जोडीतला एक बैल बसला की दुसराही बसतो आणि तण वाट पाहत नाही. दुभती गाय असेल तर दूध आटते, डेअरीचा दहा-पंधरा दिवसांचा हिशेब कोसळतो. हे नुकसान रोगाचे.

रोग कळवल्याने होणारे नुकसान त्याहून वेगळे. एका गोठ्याने सांगितले की गावाचे नाव बाधित म्हणून जाते. त्याभोवती पाच किलोमीटरचा पट्टा आखला जातो, गुरांची ने-आण थांबते, आठवडी बाजारातला गुरांचा भाग बंद होतो. पाचोरा तालुक्यातले वरखेडी, तसेच धुळे अशा ठिकाणचे गुरांचे बाजार म्हणजे शेतकऱ्यासाठी अडीअडचणीची पेढी. मुलीचे लग्न, दवाखाना, बियाण्याची उधारी, यांसाठी गोऱ्हा विकून पैसा उभा होतो. तो बाजार ज्याच्यामुळे बंद झाला त्या माणसाकडे गाव कसे पाहील, हे सांगायला नको. त्यातच ऑगस्टच्या अखेरीस पोळा. खांदेमळणी, रंगवलेली शिंगे, झूल, बाशिंग, खापरावरचे मांडे. वर्षातून एक दिवस बैलाचा. २०२२ च्या आणि पुढच्या वर्षीच्या पोळ्याला अनेक ठिकाणी प्रशासनाने मिरवणूक न काढता घरच्या घरी पूजा करण्याचे आवाहन केले. ज्या घरात बैल आजारी त्या घराने हे ऐकले. बाकीच्यांना ते आपल्यावर लादल्यासारखे वाटले.

आता त्या पशुपालकाच्या जागी उभे राहून पाहावे. गाईच्या मानेवर दोन गाठी दिसल्या आहेत. सांगितले तर गावाचा बाजार बंद, दुधाला गिऱ्हाईक नाही, शेजारी बांधावरून जाऊ देत नाहीत. न सांगितले तर कदाचित चार दिवसांत गाठी बसतील. पानाचा विडा करून पाहावा, हळद लावावी, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा. हा हिशेब चुकीचा आहे, पण तो अज्ञानातून आलेला नाही. समोर दिसणारे नुकसान टाळून न दिसणारे पत्करणे हा माणसाचा जुना स्वभाव आहे आणि साथ नेमकी याच फटीतून पुढे सरकते.

घरगुती उपायांबद्दल इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. विड्याची दहा पाने, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ आणि गूळ यांचा लाडू हा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेच आपल्या पारंपरिक पशुवैद्यकाच्या माहितीत दिला होता. कडुनिंबाच्या धुराने माश्या-डास खरोखरच दूर राहतात. म्हणजे हे सगळे टाकाऊ नव्हते. विड्याच्या भरवशावर डॉक्टरला बोलावणे चार दिवस लांबले की मात्र नुकसान होते. तापाचे पहिले दिवस हेच उपचाराचे दिवस आहेत. जखमांमध्ये पू झाला, अळ्या पडल्या, फुप्फुसाला संसर्ग गेला की हातात फार काही उरत नाही.

\*\*\*

सप्टेंबरात दुसरी भीती पसरली, ती शहरांत. लम्पी झालेल्या गाईचे दूध पिऊन माणसांना रोग होतो, असे संदेश फिरू लागले. सोबत गाठी आलेल्या गाईची छायाचित्रे, त्यामुळे शास्त्र बाजूला पडले. रतीब बंद करणारी घरे निघाली. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाला वारंवार खुलासा करावा लागला की हा आजार जनावरांतून माणसांत येत नाही, दूध उकळून घ्यावे, आणि अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल. खुलासा बरोबर होता. पण तो ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी अफवा गोठ्यापर्यंत पोहोचली होती. जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या कॉलनीतल्या घराने दूध नाकारले की ती बातमी संध्याकाळच्या धारेआधी गवळ्याच्या गावात पोहोचते, आणि दुसऱ्या दिवशी गाईला ताप असला तरी तो कोणाला सांगत नाही.

साथीतले लोकशिक्षण म्हटले की डोळ्यांसमोर पशुपालक येतो. या साथीत ते जितके गोठ्यात लागत होते तितकेच शहरातल्या स्वयंपाकघरात लागत होते. दूध घेणाऱ्याची खात्री पटली असती तर दूध देणाऱ्याची जीभ मोकळी झाली असती.

लसीचा इतिहासही याच काळात घडला. लम्पीसाठी वेगळी लस बाजारात नसल्याने शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली गेली. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी तयार केलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही देशी लस १० ऑगस्ट २०२२ रोजी, चिनावलच्या नोंदीनंतर सहाच दिवसांनी, जाहीर झाली. डिसेंबरच्या अखेरीस तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेचा करार झाला. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आहे. वर्ष संपेपर्यंत जवळजवळ सगळ्याला लस टोचून झाल्याचे सरकारने सांगितले. भारतात इतक्या थोड्या महिन्यांत एवढ्या गुरांना लस मिळणे ही साधी गोष्ट नाही. तोवर देशभरात दीड लाखाहून अधिक गुरे दगावली होती, राजस्थानात सर्वाधिक.

लसीबद्दल शंका होत्या. टोचल्यावर सूज येते, दूध कमी होते, गाभण गाय गाभडते. थोडी सूज आणि दोन-चार दिवस दुधात घट हे खरे आहे आणि ते आधी सांगितले की माणूस ऐकून घेतो. लपवले की पुढच्या वेळी गोठ्याचे दार उघडत नाही. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या दरम्यान जनावर आजारी पडले की ‘लसीनेच रोग आला’ असा समज होतो. एका जनावराला वापरलेली सुई दुसऱ्याला वापरायची नाही, हा नियमही काही ठिकाणी घाईत सुटण्याचा धोका होता. तो पाळून घेण्याचा हक्क पशुपालकाचा आहे. समोर उभे राहून ‘डॉक्टर, सुई बदला’ म्हणणारा माणूस साथ रोखण्याला मदतच करतो.

\*\*\*

चिनावल ज्या जिल्ह्यात आहे तो जळगाव जिल्हा लम्पीच्या दोन वर्षे आधी माणसांच्या साथीत देशभर चर्चेत आला होता. जळगावात करोनाचा पहिला रुग्ण २८ मार्च २०२० रोजी नोंदला गेला. जूनच्या सुरुवातीला जिल्ह्यातला मृत्यूदर १० टक्क्यांच्या वर होता. देशाचा तेव्हा ३ टक्क्यांच्या आत. मोठ्या शहरांना मागे टाकून केळी-कापसाचा एक जिल्हा या यादीत वर गेला, तेव्हा कारणे शोधली गेली. खाटा कमी, डॉक्टर कमी, आधीचे आजार असलेले रुग्ण जास्त. आणि सगळ्यांत ठळक कारण म्हणजे रुग्ण फार उशिरा येत होते. दम लागल्यावर, कधी अखेरच्या काही तासांत.

उशिरा का येत होते? घशात खवखव सांगितली की गल्लीला पत्रे लागत, घरातली माणसे विलगीकरणात जात, दुकान बंद होई, शेजारी खिडक्या लावून घेत. त्यात जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली, जिल्हाधिकारी बदलले. पण गावोगाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जे ठरवायचे ते ठरवले होते: काहीही झाले तरी तिकडे न्यायचे नाही. त्याच महिन्यात, १६ जूनला, रावेरचे माजी खासदार हरिभाऊ जावळे यांचे करोनाने निधन झाले. ओळखीचा, मोठा, उपचार परवडणारा माणूसही जातो हे पाहून जिल्हा हादरला.

पुढे जिल्ह्याचा मृत्यूदर उतरला. खाटा वाढल्या, प्राणवायूची सोय झाली, रुग्णालयाची घडी बसवली गेली. पण त्याबरोबर घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासणारी माणसे आली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. आशाताई दारात आली आणि बोटाला यंत्र लावून आकडा सांगू लागली. तोवर सांगण्याचे ओझे रुग्णावर होते. आता विचारण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी घेतले. विचारणारी बाई गावातलीच, ओळखीची, बाळंतपणात मदतीला आलेली. तिच्याशी खोटे बोलणे अवघड आणि खरे बोलणे कमी धोक्याचे होते.

शेजारच्या नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या कामाची २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशभर नोंद घेतली गेली ती प्राणवायू प्रकल्पांमुळे. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातून आलेला हा डॉक्टर-अधिकारी होता. पाड्यावरच्या माणसाला दवाखान्याची भीती का वाटते, हे त्याला दुसऱ्याकडून शिकायचे नव्हते.

\*\*\*

लपवण्याची आणि पळण्याची सवय या भागात आजची नाही. प्लेगच्या काळात घरात उंदीर पडले की गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहण्याची रीत महाराष्ट्रभर होती. आरोग्याच्या दृष्टीने ती बरीच शहाणपणाची होती. पिसवा आणि उंदीर यांच्यापासून माणूस दूर जाई. याउलट १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर पुण्यात रँडच्या काळात झालेल्या घरझडत्यांनी लोकांना रुग्ण लपवायला शिकवले. माजघरात शिपाई शिरणार, आजारी माणसाला उचलून नेणार, सामान जाळणार, तर रुग्ण आहे हे सांगेल कोण? तोच कायदा महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू केला.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा तिचा पहिला धक्का खानदेशाला बसला. सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे यंत्रमागांवर आणि कापड कारखान्यांत काम करत होती, आजही करतात. काही दिवसांत काही लाख माणसांनी सुरत सोडली. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, भुसावळ या रेल्वेमार्गावरच्या गाड्या भरभरून आल्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. देशात त्या साथीत नोंदलेले मृत्यू पन्नाशीच्या आसपास होते. भीतीचा आकार त्याच्या कितीतरी पट होता. आलेल्या माणसाला गावाने आत घ्यायचे की वेशीवर थांबवायचे, हा प्रश्न तेव्हा खानदेशातल्या घराघरांत उभा राहिला. २०२० च्या उन्हाळ्यात सुरतेहून त्याच दिशेने चालत आलेल्या मजुरांसमोर तो पुन्हा आला. काही गावांनी शाळा उघडून दिली, काहींनी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या. शाळा उघडून देणाऱ्या गावात आलेला माणूस चौदा दिवस नजरेसमोर राहतो. काटे टाकलेल्या गावात तो रात्री शेतातून येतो आणि कोणालाच कळत नाही.

\*\*\*

सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये, उलट फायदा व्हावा, अशी व्यवस्था या देशाने एकदा करून दाखवली आहे. देवीच्या रोगाच्या निर्मूलनात १९७४-७५ च्या सुमारास रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. रुग्ण कमी होत गेले तशी रक्कम वाढवत नेऊन ती १,००० रुपयांवर गेली. त्या काळी ग्रामीण भागात हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा होता. खेड्यापाड्यांत भिंतींवर बक्षिसाच्या जाहिराती रंगवल्या गेल्या. अंगावर पुरळ दिसले की लोक लपवायचे सोडून दवाखाना शोधू लागले. मे १९७५ मध्ये देशातला अखेरचा स्थानिक रुग्ण बिहारात सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

गुरांमध्ये असेच यश बुळकांडीत मिळाले. एकेकाळी गोठे रिकामे करणारा हा रोग भारतात १९९५ नंतर दिसला नाही आणि २०११ मध्ये तो जगातून संपल्याचे जाहीर झाले. लसीने रोग आटोक्यात आला. तो खरोखर संपला आहे का, हे गावोगाव फिरून, पशुपालकाला विचारून, संशयित जनावर पाहून ठरवले गेले. आधी विचारायला माणूस आला, मग उत्तर मिळाले.

आज गुरांच्या रोगांसाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. यादीतला रोग झाल्याची शंका आली तर मालकाने ते गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवले पाहिजे आणि जनावर वेगळे ठेवले पाहिजे, असे तो सांगतो. न कळवल्यास दंड आहे. कळवणाऱ्यासाठी त्यात काय आहे, हे शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही.

लम्पीत राज्य सरकारने मदत दिली. मृत गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये. अनेक घरांना तिचा आधार झाला. पण ही मदत मेलेल्या जनावरासाठी होती. ज्याने पहिल्या तापाला फोन केला, गाय वेगळी बांधली, महिनाभर दूध सोडले, औषधाला पदरचे पैसे घातले आणि गाय वाचवली, त्याला काही मिळाले नाही. त्याच्यामुळे शेजारची दहा गुरे वाचली असतील, तरी त्याचा कुठे हिशेब नाही.

केळीच्या बागेतही हेच घडते. कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग, ज्याला रावेर-यावलकडे हरण्या म्हणतात, मावा किडीमार्फत पसरतो. त्याला औषध नाही. पिवळे पट्टे दिसलेले झाड मुळासकट उपटून नष्ट करणे हाच उपाय. टिश्यूकल्चरचे रोप, ठिबक, खत यांवर खर्च करून वाढवलेले झाड स्वतःच्या हाताने उपटायचे आणि त्याचा मुख्य फायदा शेजारच्या बागेला! २०२० आणि २०२२ च्या पावसाळ्यात ज्यांनी लवकर झाडे उपटली त्यांनी तो खर्च एकट्याने सोसला. काहींनी वाट पाहिली. त्यांच्या बागेतला मावा बांध ओलांडून गेला.

\*\*\*

लम्पी २०२३ मध्ये परत आला. पहिल्या मोहिमेनंतर जन्मलेल्या, लस न मिळालेल्या वासरांना त्या वेळी जास्त झळ बसली. त्यानंतरच्या पावसाळ्यांतही राज्यात तो दिसत राहिला आहे. म्हणजे हा एका वर्षाचा पाहुणा नाही. लाळ्या-खुरकुतासारखा तो दरवर्षी धरून चालायचा आहे. १ जून २०२४ पासून राज्यात गुरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असल्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही आणि सरकारी मदतही मिळत नाही. त्यामुळे कोणत्या गोठ्यात किती गुरे आहेत, कोणाला कधी लस मिळाली, हे आता नोंदीत शोधता येते. १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकीय मदत मागता येते. साधने आहेत. आधी कळवणाऱ्या पशुपालकाच्या पदरात काय पडेल, एवढे ठरवायचे राहिले आहे.

ते सगळे मुंबईत ठरण्याची गरज नाही. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा होते. पावसाळ्याला तेव्हा महिना उरलेला असतो, गोचीड-माश्यांचा हंगाम सुरू व्हायचा असतो. चार महिन्यांवरच्या सगळ्या वासरांची यादी त्या दिवशी वाचता येते आणि लसीची तारीख ठरवता येते. गावठाणातली एखादी पडीक जागा, छप्पर आणि पाण्याची सोय करून, आजारी गुरांसाठी राखता येते, म्हणजे आजारी बैल कुठे बांधायचा हा प्रश्न कोणा एकाचा राहत नाही. मेलेले जनावर पुरण्यासाठी जेसीबीचे भाडे पंचायतीने देण्याचा ठराव घेता येतो. ज्याचा बैल आजारामुळे बसला त्याची कोळपणी गावाने ओळीने करून द्यायची, ही सावडीची रीत जुन्या माणसांना माहीत आहे. ती लेखी आणता येते. गाय आजारी असल्याचे स्वतःहून कळवणाऱ्याला दूध संघाने त्या पंधरवड्याची काही उचल द्यावी, अशी मागणी करता येते. जळगाव जिल्हा दूध संघ, धुळ्याच्या डेअऱ्या आणि त्यांचे सभासद यांना त्यात घाटा कमीच आहे, कारण एका गोठ्यातला ताप पहिल्या दिवशी कळला तर बाकीच्या गावाचे दूध चालू राहते. या ठरावांना मिळून लागणारा खर्च एका गावासाठी दोन मेलेल्या गाईंच्या मदतीइतकाही होणार नाही.